जेवणाच्या सुट्टीत नीट चालतं

मंडळी, गेले तीन-चार विकांत इथे काहीच खरडलं नाही. आळस हे एक कारण आहेच (ते कायमचं आहे). दुसरं कारण असं, की एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळत होती आणि ती लिहावी की नाही हे ठरत नव्हतं. त्या गोष्टीत माझा साफ पोपट झालेला आहे. आता तांत्रिक बाबतीत पोपट होणं आमच्या धंद्यात रोजचंच, त्याचं एवढं काही वाटत नाही. पण त्यासोबत जे झालं ते टोचतंय. तर आज एकदाचं सांगून टाकतो. चहा घेऊन बसा, थोडं लांबण लागणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी नक्की काय काम करतो हे आमच्या घरी अजून कुणाला कळलेलं नाही. आई लोकांना "कम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते, आणि मामा दर दिवाळीला त्याचा लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवून "जरा बघ रे, स्लो झालाय" म्हणतो. मी बूटलोडरवर काम करतो. म्हणजे काय, तर लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानात सकाळी सगळ्यात आधी येणारा पोऱ्या असतो ना? शटर वर करायचं, झाडून घ्यायचं, दिवे लावायचे, देवाला उदबत्ती दाखवायची. मग शेठ आले की बाजूला व्हायचं. दिवसभर गिऱ्हाइकांना शेठच दिसतात. पण पोऱ्याने शटरच उघडलं नाही तर शेठ बाहेर फुटपाथवर उभे. बोर्डाला करंट दिल्यावर लिनक्स नावाचे शेठ यायच्या आधी जो हा पोऱ्या काम करतो, तो बूटलोडर.

आमच्या पोऱ्याचं नाव यू-बूट. वोल्फगांग डेंक नावाच्या जर्मन गृहस्थांनी हे काम वाढवलं. आधी ते पॉवरपीसी प्रोसेसरपुरतं होतं आणि नाव होतं पीपीसीबूट. मग बाकीचे प्रोसेसरही त्यात यायला लागले आणि २००२ मध्ये नाव बदलून यू-बूट झालं. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी, आणि पाणबुडीसारखंच हेही पाण्याखाली काम करतं, वरून कुणाला दिसत नाही. डेंक २०२२ मध्ये गेले. घराघरातल्या, कारखान्यातल्या किती पेट्या सकाळी त्यांच्या कोडमुळे जाग्या होतात याची त्या पेट्यांच्या मालकांना कल्पनाही नसेल. असो.

तर आमचा बोर्ड. कारखान्यातल्या यंत्रांची माहिती गोळा करून पुढे पाठवणारी एक छोटी पेटी. तिला बाहेरून चार नेटवर्क पोर्ट. आत एक प्रोसेसर आणि एक पाच पोर्टांची स्विच चिप. चार पोर्ट बाहेर आलेत, पाचवा आतल्या आत प्रोसेसरला जोडलेला. सगळं घोडं अडलं ते या पाचव्या पोर्टापाशी.

नेटवर्कची केबल तुम्ही लॅपटॉपला लावता तेव्हा काय होतं? दोन्ही टोकांना एकेक फाय नावाची चिप असते. केबल जोडल्याबरोबर दोघी एकमेकींना विचारतात, "तुला किती वेग जमतो? दहा? शंभर? हजार? एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं का?" मग दोघींना जमेल असं सगळ्यात चांगलं जे असेल ते ठरतं. याला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. १९९५ साली शंभर मेगाबिटच्या इथरनेटबरोबर हे प्रमाण म्हणून आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. मुलगा-मुलगी समोरासमोर बसतात, चार प्रश्न होतात, जमलं तर दिवा लागतो. (पोर्टवरचा हिरवा दिवा, मंडळी. भलते अर्थ काढू नका :-) )

पण प्रोसेसर आणि स्विच एकाच बोर्डावर, पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर बसलेले असतील तर मध्ये फाय कशाला? चिपच्या पायांना पाय थेट जोडून टाकायचे. खर्च वाचतो, जागा वाचते. आमच्या बोर्डावर ही जोडणी आरएमआयआय पद्धतीची आहे: दोन्ही दिशांना दोन-दोन बिटं, ५० मेगाहर्ट्झचं घड्याळ, वेग जास्तीत जास्त शंभर मेगाबिट. फाय नाही म्हणजे कांदेपोहे नाहीत. कोणी कुणाला विचारणार नाही. मग वेग किती, बोलणं एकेरी की दुहेरी हे कळायचं कसं? तर ते लिहून ठेवायचं. बोर्डाच्या वर्णनाची जी फाइल असते, तिला डिव्हाइस ट्री म्हणतात, तिच्यात एक नोंद करायची: फिक्स्ड-लिंक. आत वेग लिहायचा, फुल-डुप्लेक्स लिहायचं, झालं. थोडक्यात पत्रिका वडीलधाऱ्यांनीच जुळवलीय, आता प्रश्न विचारायचे नाहीत.

यू-बूटमध्ये या नोंदीसाठी एक खोटा फाय ड्रायव्हर आहे. 'खोटा' हे मी प्रेमाने म्हणतोय. खरा फाय ड्रायव्हर एमडीआयओ नावाच्या दोन तारांच्या बसवरून चिपची रजिस्टरं वाचतो आणि "लिंक आली का? वेग काय ठरला?" असं विचारतो. हा खोटा ड्रायव्हर कुणालाच काही विचारत नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये जे लिहिलंय ते उचलतो, वेगाच्या खान्यात वेग भरतो, डुप्लेक्सच्या खान्यात डुप्लेक्स भरतो, आणि शेवटी सरळ लिहून मोकळा होतो, की लिंक बरोबर एक. तार तुटलेली असली तरी एक. समोरची चिप झोपलेली असली तरी एक. कायम "सगळं ठीक आहे" म्हणणारा माणूस.

आता गंमत बघा. प्रोसेसर आणि स्विच यांच्यामधली ही जोडणी एकच असली तरी नोंदी दोन लागतात. प्रोसेसरच्या नेटवर्क भागाखाली एक फिक्स्ड-लिंक, आणि स्विचच्या पाचव्या पोर्टाखाली दुसरी. दोन्ही टोकांचे ड्रायव्हर वेगळे, प्रत्येक जण आपापली नोंद वाचतो. लग्नपत्रिका दोन्ही घरी वेगवेगळ्या छापखान्यातून छापून आणल्यासारखं. मुलीकडच्या पत्रिकेत मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा आणि मुलाकडच्या पत्रिकेत संध्याकाळी ६ चा असं झालं तर काय होईल? दोन्ही घरी "सगळं ठीक आहे"च म्हणतील, आणि मांडवात गोंधळ.

स्विचच्या बाजूला तर ही नोंद प्रत्यक्ष चिपमध्ये उतरवावीही लागते. मार्व्हेलच्या काही चिप्समध्ये यासाठी दर पोर्टाला एक रजिस्टर असतं, त्यात बिटांची जोडी असते. एक बिट सांगतं "मी सांगतो ते जबरदस्तीने मान" आणि दुसरं सांगतं काय मानायचं ते. लिंकसाठी एक जोडी, डुप्लेक्ससाठी एक जोडी. पहिलं बिट लावलं आणि दुसरं विसरलं, तर तुम्ही चिपला जबरदस्तीने लिंक *बंद* ठेवायला सांगितलेलं असतं! ही चूक मी पूर्वी केलेली आहे, पण ती निदान लगेच कळते. काहीच चालत नाही, माणूस शोधायला लागतो. जास्त वाईट चुका त्या, ज्यांच्यात बहुतेक वेळा सगळं चालतं.

आता माझी चूक. आमच्या जुन्या कोडमध्ये फिक्स्ड-लिंकची नोंद जुन्या पद्धतीची होती. त्यात शब्द नसायचे, एका ओळीत पाच आकडे असायचे. पहिला खोट्या फायचा क्रमांक, दुसरा डुप्लेक्स, तिसरा वेग, चौथा आणि पाचवा पॉज नावाच्या एका प्रकारासाठी. शून्य, एक, शंभर, शून्य, शून्य. कुठला आकडा कशाचा हे डोक्यात ठेवायचं. स्विचसाठी यू-बूटमध्ये २०२१ साली डीएसए नावाची नीट चौकट आली. तिच्यात स्विचचा बाहेरचा प्रत्येक पोर्ट वेगळ्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, पाचवा पोर्ट पडद्यामागे राहतो, आणि कुठलं पॅकेट कुठल्या पोर्टाचं हे कळायला पॅकेटला एक चिठ्ठी चिकटवली जाते. छान आहे. आम्ही नव्या यू-बूटवर जायचं ठरवलं, तेव्हा मी उत्साहाने म्हटलं, त्याबरोबर ही पाच आकड्यांची भानगडही साफ करून टाकू, नव्या पद्धतीने शब्दांत लिहू. स्विचच्या बाजूची नोंद नवीनच लिहायची होती, ती नीट लिहिली: वेग शंभर, फुल-डुप्लेक्स. प्रोसेसरच्या बाजूला पाच आकडे होते, ते बघून भाषांतर केलं. शंभर दिसले म्हणून वेग लिहिला. त्याच्या आधीचा 'एक' कशाचा, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही.

झालं. 'फुल-डुप्लेक्स' हा एक शब्द राहिला. डिव्हाइस ट्रीमध्ये अशा शब्दाचा नियम असा, की तो असला तर 'हो' आणि नसला तर 'नाही'. मधलं काही नाही. कम्पायलर ओरडत नाही, ड्रायव्हर ओरडत नाही. फुल-डुप्लेक्स नाही म्हणजे हाफ-डुप्लेक्स.

हाफ-डुप्लेक्स म्हणजे वॉकीटॉकी. एका वेळी एकानेच बोलायचं. बोलायच्या आधी कान देऊन ऐकायचं, समोरचा गप्प असेल तर तोंड उघडायचं. बोलता बोलता समोरूनही आवाज आला तर टक्कर झाली असं समजायचं, वाक्य अर्धवट तोडायचं, थोडं थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. थांबायची मुदत यदृच्छया निवडायची, पण दर टकरीला तिची कमाल मर्यादा दुप्पट करत न्यायची. असे १६ प्रयत्न फुकट गेले की तो निरोप टाकून द्यायचा. दोन्हीकडचे लोक हा नियम पाळत असतील तर हेही ठीक चालतं, आपल्या वडिलांच्या पिढीचं इथरनेट असंच चालायचं. पण इथे समोरचा स्विच फुल-डुप्लेक्स होता. तो बोलताना ऐकतही होता आणि ऐकताना बोलतही होता, आणि थांबायचं कशाला हे त्याला ठाऊकच नव्हतं. एकाला वाटतंय आपण वॉकीटॉकीवर आहोत, दुसऱ्याला वाटतंय फोनवर आहोत.

तरीही माझ्या टेबलावर सगळं चाललं! का, ते ऐका, कारण यातच खरी मेख आहे. बूटलोडर लिनक्सची इमेज टीएफटीपीने ओढतो. ही अगदी साधी पद्धत. सर्व्हर एक तुकडा पाठवतो, बोर्ड "मिळाला" म्हणतो, मग पुढचा तुकडा. यू-बूट १४६८ बाइटचा तुकडा मागतो. २० एमबीची इमेज म्हणजे साधारण चौदा हजार तुकडे आणि तितक्याच पोचपावत्या. एकदा हा बोलतो, एकदा तो बोलतो. दोघे कधी एकदम बोलतच नाहीत! माझ्या टेबलावर बोर्ड, लॅपटॉप आणि एक केबल, तिसरं कुणी नाही. टक्कर होणार कुणाशी? स्क्रीनवर हॅशची चिन्हं सरसर उमटली, लिनक्स चालू झालं (लिनक्सची डिव्हाइस ट्री वेगळी होती आणि तिच्यात सगळं बरोबर होतं), मी कोड आत टाकला आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी गेलो.

आता कारखाना. पुण्याच्या आसपासच्या एमआयडीसीत एका ठिकाणी आमचे बोर्ड बनतात. तिथे तीन स्टेशनं आहेत. प्रत्येक ठिकाणी एक ऑपरेटर बसते, बोर्ड जिगमध्ये लावते, केबल लावते, बटण दाबते. बूटलोडर इमेज ओढतो आणि फ्लॅशमध्ये लिहितो, हिरवं झालं की पुढचा बोर्ड. नवी आवृत्ती गेल्यावर आठवड्याभरात सुपरवायझर साहेबांचा फोन आला. एक आणि दोन नंबर ठीक, तीन नंबरला फार वेळ लागतोय. रोज १२० व्हायला हवेत तिथे ७० होतायत. मी लॉग मागवला. हॅशच्या रांगांमध्ये मधेमधे टी, टी, टी. यू-बूट टीएफटीपीमध्ये वाट बघून थकला की 'टी' छापतो, आणि ती वाट पाच सेकंदांची असते. आमचा सर्व्हर तर त्याहून निवांत. म्हणजे हजारात एक पोचपावती हरवली तरी चौदा हजारांत चौदा 'टी', म्हणजे ७० सेकंद फुकट. ओळीने दहा वेळा झालं तर तो पहिल्यापासून सुरू करतो.

मी लॉग बघितला. बोर्ड तेच, कोड तोच, इमेज तीच. तीन स्टेशनांपैकी दोन चालतात, एक नाही. निष्कर्ष उघड होता. मी मेल लिहिली. ती मेल अजून माझ्याकडे आहे आणि परवा पुन्हा वाचली तेव्हा कानशिलं गरम झाली. मी लिहिलं होतं, की सॉफ्टवेअर सगळीकडे एकच असल्यामुळे प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. तीन नंबरवर केबल बदलून बघा, आणि ऑपरेटर केबल नीट शेवटपर्यंत बसवते आहे का, ते तपासा. सीसीमध्ये पाच जण.

त्यांनी केबल बदलली. फरक नाही. मग माझ्या मेलमधला उरलेला अर्धा भाग शिल्लक राहिला, म्हणजे ऑपरेटर.

दहा दिवसांनी मी दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो होतो. सहज तीन नंबरपाशी उभा राहिलो. तिथल्या ताई पस्तिशीच्या असतील. केबल अगदी 'टक' आवाज येईपर्यंत लावत होत्या, लावून एकदा ओढूनही बघत होत्या. कुणीतरी तशी सूचना दिली असणार, आणि ती सूचना कुठून आली असणार हे मला माहीत होतं. मी विचारलं, "कसं चाललंय ताई?" त्या म्हणाल्या, "सर, दिवसभर असंच अडकतं. पण जेवणाच्या सुट्टीत नीट चालतं."

आणि मी काय बोललो माहितेय? मी म्हणालो, "मशीनला पण भूक लागत असेल ताई, म्हणून सुट्टीत पटापट उरकतं." आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. त्याही हसल्या. मी पुढे गेलो.

पुढच्या आठवड्यात त्यांना तीन नंबरवरून काढून पॅकिंगला बसवलं. तिथे नगावर मिळणारा इन्सेन्टिव्ह नसतो. तीन नंबरवर दुसरी मुलगी आली. आकडा ७० चा ६८ झाला.

हे मला फोनवर सुपरवायझर साहेबांनी सांगितलं, तेही जाता जाता. आणि त्या रात्री कूकरच्या शिट्ट्या मोजत उभा असताना ते वाक्य परत आठवलं. जेवणाच्या सुट्टीत नीट चालतं. ऑपरेटर बदलली, केबल बदलली, तरी तसंच. मग सुट्टीत काय बदलतं? त्या सुट्टीतही का बसत होत्या, तर आकडा भरून काढायला. म्हणजे सुट्टीत हात तेच, केबल तीच, बोर्ड तेच. बदलतं ते बाकीचं. बाकीचं काय?

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेलो. दुपारी पाऊण वाजता तीन नंबरवर जाऊन बसलो. हॅश, हॅश, टी, हॅश, टी. एक वाजता भोंगा झाला. लाइनचा पट्टा थांबला, माणसं डबे घेऊन उठली. मी पुन्हा बटण दाबलं. हॅश, हॅश, हॅश, एका दमात शेवटपर्यंत. पुन्हा दाबलं. पुन्हा एका दमात. अर्ध्या तासात एकही 'टी' नाही. दीड वाजता भोंगा, पट्टा सुरू, आणि दुसऱ्या मिनिटाला पहिला 'टी' आला. अंगावर काटा आला म्हटलं तर हसाल, पण आला.

मग वायरशार्क लावलं आणि सगळं दिसलं. एक आणि दोन नंबरची स्टेशनं त्यांच्या स्वतःच्या छोट्या स्विचवर होती, सर्व्हरही तिथेच. तीन नंबर नंतर वाढवलेलं, म्हणून त्याची केबल जवळच्या लाइनच्या नेटवर्कमध्ये खोचलेली. आणि त्या लाइनवर पट्ट्यावरून जाणाऱ्या मालाचे फोटो काढणारे कॅमेरे. प्रत्येक फोटो मल्टिकास्टने, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. पट्टा चालू असला की फोटोंचे लोटच्या लोट, पट्टा थांबला की शांतता.

तरी मनात शंका होती, की नेटवर्कवर गर्दी असली म्हणून काय झालं? फुल-डुप्लेक्स तारेवर येणाऱ्या गर्दीने जाणारी पोचपावती अडायचं कारण नाही. म्हणून एमडीआयओवरून स्विचच्या पाचव्या पोर्टाचे काउंटर वाचले. तिथे तुटक्या फ्रेमचा आकडा भराभर वाढत होता. प्रोसेसरकडून स्विचला अर्धवट वाक्यं येत होती! अर्धवट वाक्य कोण बोलतं? ज्याला वाटतं की टक्कर झालीय. आणि टक्कर कुणाला वाटते? जो स्वतःला हाफ-डुप्लेक्स समजतो, त्याला. बिचारा प्रोसेसर पोचपावती द्यायला तोंड उघडत होता, तेवढ्यात स्विच त्याच्या अंगावर कॅमेऱ्याचा फोटो ओतत होता. हा थांबायचा, पुन्हा तोंड उघडायचा, पुन्हा तेच. सोळा वेळा प्रयत्न करून शेवटी गप्प बसायचा.

डिव्हाइस ट्री उघडली. एका बाजूला दोन ओळी, दुसऱ्या बाजूला एक. ही ओळ कुणी लिहिली हे गिटला विचारलं. गिट फार प्रामाणिक आहे. माझं नाव, शुक्रवार, संध्याकाळी सात चाळीस. संदेश: "जुनी फिक्स्ड-लिंक साफ केली."

एक शब्द लिहिला, नवीन बूटलोडर बनवला, तीन नंबरवर भर दुपारी पट्टा चालू असताना चालवला. एका दमात.

तांत्रिक भाग इथे संपतो. त्यातून मी काय शिकलो ते आमच्यासारखं काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक, फिक्स्ड-लिंकची दोन्ही टोकं नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचा. आता आमचा बूटलोडर सुरू होताना दोन्ही टोकांचा वेग आणि डुप्लेक्स छापतो, आणि जुळत नसेल तर बोंब मारतो. दोन, फिक्स्ड-लिंकमध्ये फुल-डुप्लेक्स हा शब्दच नसेल तर आमचा ड्रायव्हर इशारा देतो. हाफ-डुप्लेक्स खरंच कुणाला हवं असेल तर असू दे, पण ते विसरून झालेलं नको. तीन, टेबलावरची चाचणी शांततेत करू नका. मी आता बाजूच्या लॅपटॉपवरून मुद्दाम मल्टिकास्टचा कचरा ओतत ठेवतो आणि मग इमेज ओढतो. टीएफटीपी फार सभ्य आहे, एकेक करून बोलतो. त्याच्या सभ्यपणामुळे दुसऱ्याचे दोष झाकले जातात.

राहिला उरलेला भाग. मी त्याच पाच जणांना सीसीमध्ये ठेवून दुसरी मेल लिहिली. चूक माझ्या कोडमधली होती, केबलचा किंवा ऑपरेटरचा काही संबंध नव्हता, आणि दोष शोधायला उपयोगी पडलेली एकमेव माहिती तीन नंबरच्या ऑपरेटरने दिली होती. पाठवायच्या आधी आमच्या लीडला दाखवली. तो म्हणाला, "एवढं कशाला लिहितोस, नुसतं 'फिक्स्ड इन लेटेस्ट' लिही ना." क्षणभर मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? पण पहिली मेल पाच जणांना सविस्तर गेली होती, मग दुसरी त्रोटक कशी जाईल?

ताई पुढच्या सोमवारी तीन नंबरवर परत आल्या. बुडालेला इन्सेन्टिव्ह मात्र आला नाही. त्यासाठी मी दोनदा विचारलं. कंत्राटदार म्हणाला, महिना क्लोज झाला. आमच्याकडे चुकलेली एक ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, तिकडे महिना क्लोज होतो.

नंतर गेलो तेव्हा मुद्दाम भेटलो. म्हटलं, "ताई, तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती. आणि मी त्या दिवशी चेष्टा केली, तेही चुकलं." त्या केबल लावत होत्या. लावली, ओढून बघितली (ती सवय आता राहिलीच), बटण दाबलं, आणि म्हणाल्या, "मी सांगितलं होतं की सर." एवढंच. आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. मग हॅशच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते टी म्हणजे काय असतं हो?"

मी स्टूल ओढून बसलो आणि सांगितलं. तुकडा, पोचपावती, पाच सेकंद, सगळं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "मग कॅमेऱ्याची केबल वेगळी का नाही टाकत?" मंडळी, हा प्रश्न आमच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये आठ इंजिनियरांपैकी एकालाही सुचला नव्हता. महिन्याभरात ती केबल वेगळी झाली.

त्यानंतर एक सवय मात्र लावून घेतलीय. कुठेही काही बिघडलं की आधी "काय बिघडलंय" हे विचारतोच, पण तिथे दिवसभर बसणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्नही विचारतो: "नीट कधी चालतं?" आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवतो. बोलत असताना ऐकू येण्याइतका मी अजून फुल-डुप्लेक्स झालेलो नाही.

चला, चहा गार झाला. मामाचा फोन येऊन गेलाय, लॅपटॉप पुन्हा स्लो झालाय म्हणे. या वेळी त्याला आधी विचारणार आहे, की फास्ट कधी चालतो?